नाटकी म्हणणारा गेला

हरसिंग,

तुझ्या चितेशेजारी उभा राहून मी जे बोललो, ते कसं झालं हे सांगायला आता कोणी उरलं नाही. लोक म्हणतात, छान झालं. लोकांच्या म्हणण्यावर तू कधी विश्वास ठेवला नाहीस आणि तुझ्या संगतीनं मीही ठेवला नाही. आपलं गाव नेर. इथं बाजारात गाडीचा बैल बसला तरी चार माणसं भोवती उभी राहून वाहवा करतात.

कोणाला तरी पोचवून घाटावरून परतताना नदीवर अंघोळ आटोपायची आणि ओल्या डोक्यानं बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसायचं, हा आपला रिवाज. मी घाटावर बोललेलो असायचो, तू मागे उभा राहून ऐकलेलं असायचं. चहा आला की तू तो बशीत ओतायचास, फुंकर घालायचास, आणि अर्धी बशी संपेपर्यंत तोंड उघडायचा नाहीस. मग निकाल यायचा. "दोन जागी नाटकी होतं." कुठल्या दोन जागी ते मला पक्कं ठाऊक असायचं, तरी मी भांडायचो. तुला पोचवून परतताना मी त्या हॉटेलावरून तसाच पुढे गेलो. निकाल देणाराच लाकडांवर ठेवून आलो होतो, मग आत बसून करायचं काय?

नाटकी. हा एक शब्द मी जन्मभर इतका ऐकला की माझं नाव दिगंबर आहे की नाटकी, याचा कधीकधी मलाच संभ्रम पडतो. माझे सासरे बाभुळगावचे. सोयरीक घेऊन माणूस गेला तेव्हा ते म्हणाले, "पोरगा मास्तर हाय थे ठीक. पन नाटकी हाय म्हनते." त्यांच्या लेखी नाटकी म्हणजे नाटकात काम करणारा, आणि नाटकात काम करणारा म्हणजे दारू पिणारा, बायकांच्या मागं लागणारा, दागिने विकणारा. मी तेव्हा आपल्या मंडळात बाईचं काम करत होतो. मीच नऊवारीत अडकून पडत होतो, बायकांच्या मागं कुठून लागणार? दागिना म्हणशील तर मंडळाची पितळी नथ होती, आणि तिच्यानं माझं नाक सुजायचं.

लग्न झाल्यावर कमलानं हाच शब्द घरात वेगळ्या कामाला लावला. विहिरीवरून पाणी आणायच्या वेळी माझं डोकं दुखायचं. दोन घागरी तिनं आणल्या की थांबायचं. "नाटकी," ती म्हणायची आणि कपाळावर सुंठेचा लेप थापायची. शिवीही द्यायची आणि लेपही लावायची. तुला मात्र लेप लावणं कधी जमलं नाही.

तुझा नाटकी आणखीनच निराळा होता. वरून पांढराशुभ्र आणि आत कवडी, म्हणजे किडका कापूस, दडवलेली कापसाची गाडी आली की तू दुरूनच म्हणायचास, "नाटकी गाडी हाय." सकाळी गडगडून दुपारी पुसदकडे निघून जाणारं आभाळ नाटकी. आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्या वर्षी गावात भाषणांना ऊत आला होता, तो सगळा मोसम तुझ्या मते नाटकी. आणि जू दिसलं की लंगडायला लागणारा तुझा तो पिवळ्या बैल. त्याच्यावर तुझा जीव. त्याला कुरवाळत तू मला सांगितलं होतंस, "हा आमच्या घरचा दिगू."

मी त्या शब्दाची बाजू घेऊन किती भांडलो तुझ्याशी. म्हटलं, "हरसिंग, शेताचं ते शेतकी. शेतकी खात्याच्या साहेबाले आपन शिवी दिल्यासारखं शेतकी म्हनतो काय? मंग नाटकाचं ते नाटकी, यात वाईट काय हाय? आपन नाटकवाले. आपल्याच घरच्या शब्दाची शिवी कायले करायची?"

तू बिडी शिलगावलीस. "शेतकी खात्याचा साहेब शेत करते काय?"

"नाही."

"मंग बरोबर हाय."

या उत्तरावर मी पुढं बरीच वर्षं विचार केला. तोड सापडली नाही. आता सापडली तरी सांगायची कोणाला?

आपलं मंडळ आपण मुंबई राज्यात गेलो त्याच वर्षी सुरू झालं. गणपतीत नाटक करायचं ठरलं, नाटक लिहिलं आपल्याच गावच्या वकिलांनी, आणि पहिलं वाचन शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं. तुला सरदाराचं काम दिलं होतं. तांड्यावरून सायकलनं आलास, धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल. वकिलांची भाषा अशी की एका वाक्यात सगळी बाराखडी. तू वाचायला लागलास. घरात याडीशी, म्हणजे मायशी, बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि आता हे सरदाराचं मराठी. तिन्ही एकमेकांच्या पायात पाय घालत बाहेर आले. मागून कोणीतरी म्हणालं, "सरदार तांड्यावरून बोलून राह्यला." हॉल हसला. तूही हसलास, पुस्तक मिटलंस, आणि म्हणालास, "मी आतून सांगतो."

आतून म्हणजे विंगेतून. तिथून तू पुन्हा बाहेर आला नाहीस. सगळ्यांची सगळी कामं तुला पाठ. पुस्तक हातात असायचं ते मच्छर हाकायला. तुझी कुजबुज अशी यायची की आपल्याला वाटावं, हे आपल्याच डोक्यात आठवलं. आणि प्रेक्षकांत पुढच्या चटईवर बसलेल्या माणसालासुद्धा ती ऐकू जायची नाही. तालमीत कोणी गळा काढून बोलला की पुस्तकाआडून खोकला यायचा. एकच, कोरडा. तो खोकला म्हणजे नाटकी. माझ्या वाट्याला तो इतका यायचा की एकदा कमलानं तुझ्यासाठी अडुळशाचा काढा पाठवला. तू तो मुकाट्यानं प्यालास.

माझ्या पराक्रमांना तूच साक्षी होतास. पहिल्या अंकात मी खलपुरुषासमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं तिसऱ्या अंकाचं वाक्य. "चांडाळा, तुझ्या पापांचा घडा भरला." बिचाऱ्यानं तोपर्यंत एकही पाप केलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहतो, मी विंगेकडे पाहतो, तू भराभर पानं उलटतोयस. पण खलपुरुष होता आपला पोस्टातला दामोदर, आज्ञाधारक माणूस. तिसऱ्या अंकात या वाक्यावर त्यानं मरायचं असतं, म्हणून तो मेला. नाटक चहाची वेळ व्हायच्या आत आटोपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी काही असेल म्हणून बराच वेळ बसून राहिले. तू मला एवढंच म्हणालास, "दामोदर मेला थे नाटकी नव्हतं. त्याले खरंच दुसरं काही सुचलं नाही." हे बोलताना तुला हसू नव्हतं. तू दामोदरची तारीफ करत होतास, आणि मला त्याचा हेवा वाटला.

तुझ्या बहिणीचं लग्न आठवतं तुला? मी आठवडाभर आधीच तांड्यावर येऊन पडलो होतो, मास्तरला उन्हाळ्यात दुसरा उद्योग काय. संध्याकाळी तुझी याडी आणि दोन म्हाताऱ्या तुझ्या बहिणीला मधे बसवून ढावलो शिकवायच्या. नवरीनं सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे म्हणायचं, ते ढावलो. बापासाठी वेगळं, भावासाठी वेगळं, मायसाठी वेगळं. शब्द ठरलेले, हेल ठरलेला, कुठं हुंदका द्यायचा तेही ठरलेलं. चुकली की याडी मांडीवर चापट मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मधेच पोरगी खुदकन हसायची, म्हाताऱ्याही हसायच्या. मी खाटेवर पडून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, लेका हरसिंग, सापडलास. ही तर तालीम.

लग्न लागलं. निघायची वेळ आली. ती तुझ्या गळ्यात पडली आणि तेच शब्द, तोच हेल, त्याच जागी हुंदका. तुझ्या डोळ्यांतून धार लागलेली. आणि मी, अक्कल गहाण टाकून, तुझ्या कानाशी लागून म्हणालो, "पाठ झालं रे बाईचं."

पाऊस पडेपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. पेरणी आटोपली तेव्हा बाजारात भेटलास. मी म्हटलं, चुकलं. तू म्हणालास, "दिगू, तिले शब्द पाठ होते. रडनं पाठ नव्हतं."

मी मास्तर. हरायची सवय नाही. म्हटलं, "मंग मलेबी शब्दच पाठ असतात की."

"नाही बावा. तुले रडनंबी पाठ असते."

हे तू रागानं म्हणाला असतास तर मी विसरलो असतो. तू ते हळू आवाजात म्हणालास, विंगेतून सांगायचास तसं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे, आणि मलाच आठवल्यासारखं येतं.

मी पुष्कळदा विचारलं, दोन्हींत फरक काय तो नीट सांग. फळ्यावर लिहून देता येईल असा. तू म्हणायचास, "थे सांगता येत नाही. कानाले समजते." कोणाच्या कानाला? तुझ्या. माझ्या कानाला नाही समजत, हरसिंग. मी बोलायला लागलो की माझ्या कानाला फक्त एवढंच समजतं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की नाही.

स्टेजवर एकदाच तुझा कान माझ्या बाजूनं लागला. त्या नाटकात मी मुलगा झालो होतो. परगावाहून येतो, तर अंगणात बापाचं प्रेत. माझं लांबलचक भाषण होतं, वकिलांनी त्यात नदी, समुद्र, आकाश सगळं घातलेलं. मी आलो, प्रेताजवळ गुडघे टेकले, आणि सगळं पुसून गेलं. एक अक्षर आठवेना. डावीकडे विंगेत तू होतास, नेहमीच्या जागी. मी पाहिलं. तू पुस्तक घेऊन उभा, माझ्याकडे पाहतोयस, आणि तोंड मिटलेलं. मी डोळ्यांनी विनवलं. तू हललाही नाहीस. गॅसबत्तीचा आवाज तेवढा येत होता. मी बापाच्या पायाला हात लावला, काहीतरी करावं म्हणून, आणि तसाच राहिलो. बायकांच्या बाजूनं कोणीतरी हुंदका दिला. मग कोणीतरी पडदा सोडला.

सगळे मला उचलायला धावले. तू पुस्तक फडक्यात बांधत होतास. "आज नाटकी नव्हतं," म्हणालास.

मी तेव्हाच तुला सांगितलं की मी विसरलो होतो, मला दुःख वगैरे काही झालं नव्हतं, घाम फुटला होता. तू म्हणालास, "माहीत हाय." पण तू सांगितलं का नाहीस? यावर तुझी उत्तरं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा, "वारं आलं, पान उडालं." पुढच्या वर्षी, "बिडी पेटवत होतो." एकदा बैलगाडीत शेजारी बसलो होतो तेव्हा, "मले वाटलं, पाहू बरं तू काय करते." आणि अगदी अलीकडे, उगीचच, मी विचारलेलंही नसताना, "त्या दिवशी मलेच बोलता येत नव्हतं, दिगू." यातलं खरं कोणतं? मी म्हटलं, निवांत बसून एकदा सोक्षमोक्ष लावू. निवांत बसायचं राहिलं.

पुढं तंबूतला सिनेमा आला. पडद्यावरचे नट वाक्य विसरत नाहीत, त्यांना प्रॉम्प्टर लागत नाही. मंडळ आपोआप बंद पडलं, बंद करायला बैठकसुद्धा घ्यावी लागली नाही. मी मात्र नट राहिलो, कारण गावात माणसं मरत होती. घाटावर दोन शब्द बोलायला कोणीतरी लागतं आणि लोक म्हणायचे, मास्तरले पुढं करा. मी कोणाच्याही चितेशेजारी उभा राहून बोललो. एका माणसाच्या संसारनिष्ठेवर मी मनापासून बोलत होतो आणि मागून तुझा खोकला आला, मग पुन्हा आला, मग येतच राहिला. तो माणूस जन्मभर बिनलग्नाचा होता, हे चितेपर्यंत जाऊनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी घाईनं म्हणालो, "सगळ्या गावाचा संसार त्यांनी आपला मानला." हॉटेलात तू बशी खाली ठेवून पोट धरून हसलास. "हे वाक्य नाटकी नव्हतं," म्हणालास. "घाबरून निघालं."

तर असा हिशोब होता. मी घाबरलो की खरा. एरवी तू मागे आहेस म्हणून मला काळजी नव्हती. जास्त झालं तर खोकला येईल, आवरायचं. माझ्या वतीनं खरंखोटं तू पाहत होतास. माणसानं आपलं एवढं मोठं काम दुसऱ्यावर सोपवू नये.

यवतमाळच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तू खाटेवर होतास, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. सोनीवहिनी पायाशी बसली होती. डॉक्टरांनी तिला काय सांगितलं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी दारातच आवाज चढवला. "काय सरदार, कापसाची पऱ्हाटी फुटून राह्यली शेतात आन तुमी इथं पलंगावर? पिवळ्या बैल वाट पाहून राह्यला. उठा, संक्रांतीले नवीन नाटक बसवू." आणखी बरंच. मी हसत होतो, हात उडवत होतो, बाजूच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसायला लागला.

तुला खोकायचं होतं. ते मला दिसलं. छातीत ताकद नव्हती, म्हणून तुला तो शब्द बोलावा लागला.

"नाटकी," तू म्हणालास, आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मी स्टूल ओढून बसलो. बस सुटायची वेळ होईपर्यंत बसलो. तू भिंतीकडे, मी तुझ्या पाठीकडे. मला काही बोलायचं होतं आणि जे तोंडात यायचं ते सगळं कुठल्यातरी अंकातलं होतं. उठताना मी तुझ्या पायाला हात लावला. मग माझ्या लक्षात आलं की हेही मी एकदा केलेलं आहे, स्टेजवर.

तू गेलास तेव्हा मी शाळेत पाढे म्हणवून घेत होतो.

घाटावर तांड्यावरची सगळी माणसं होती, बाजारातले होते, दामोदर होता. अण्णासाहेबांनी, म्हणजे आपल्या वकिलांनीच, म्हटलं, मास्तर, तुम्ही बोला. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं, हे पुढं बोलण्याआधीचं नको म्हणणं. मला पुढं केलं.

मी बोललो. सांगायला लाज वाटते, पण फार छान बोललो. आवाज जसा लागावा तसा लागला. विंगेतल्या माणसावर एक वाक्य सुचलं, कोणाच्याही डोळ्यांत पाणी येईल असं, आणि ते मी वळून, थोडं थांबून, शेवटच्या रांगेकडे टाकलं. टाकलं आणि सवयीनं वाट पाहिली. इथं खोकला यायला हवा होता. तू असतास तर नक्की याच जागी खोकला असतास. मी कान देऊन उभा राहिलो. खोकला येईना. मी डावीकडे पाहिलं. डावीकडे तू होतास, लाकडांखाली, पायाची बोटं तेवढी बाहेर.

पुढचं एक अक्षर बोलता आलं नाही. शब्द होते, हरसिंग. यावेळी विसरलो नव्हतो, सगळे रांगेनं उभे होते. त्यातला कोणता खरा आणि कोणता नाटकी, हे मला ओळखता येईना, आणि ओळखणारा तर हा असा. मी हात जोडून मागं सरलो.

परतताना अण्णासाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमचं ते थांबणं. काय जागा घेतली. अंगावर काटा आला." दामोदर म्हणाला, "त्या बाप मेलेल्या नाटकातल्यापेक्षा भारी झालं गड्या." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मान हलवली. बहुधा थोडं हसलोसुद्धा, नट तारीफ ऐकून हसतो तसं.

घरी आलो. कमलानं पाटावर ताट वाढलं. म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, "पुरे झाली तुमची नाट..." आणि थांबली. तोंडावर पदर घेऊन आत गेली. तेव्हापासून घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. डोकं दुखतं म्हटलं की ती खरंच दुखतंय असं समजून लेप लावते. तुला काय सांगू, याच्याइतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर आलो. तुझी याडी दारात बसली होती. तुमच्याकडची रीत मला ठाऊक आहे. भेटायला आलेल्याच्या गळ्यात पडून बाई रडते, शब्दांनी रडते, आणि आलेल्यानंही तसंच रडायचं असतं. तिनं मला पाहिलं, उठली, माझ्या गळ्यात पडली आणि सुरू झाली. तुझं लहानपण, तुझी सायकल, तुझा पांढरा सदरा. गोरबोली मला पुरती कळत नाही, पण हेल ओळखीचा होता. बहिणीला शिकवला होता तोच, दुःख वेगळं. तिचे शब्द पाठ होते. ते रडणं पाठ नव्हतं, हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळलं. पहिल्यांदाच, तुझ्या मदतीशिवाय.

आणि मी तिला धरून कोरडा उभा. ना शब्द, ना पाणी. आजूबाजूच्या बाया पाहत होत्या. याडी थांबली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली,

"काहून रडत नाही रे बेटा? रड ना. तुले तं येते."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिनं मला स्टेजवर रडताना पाहिलं होतं, दरवर्षी, पुढं चटईवर बसून. तिला वाटत होतं, ज्याला येतं त्यानं तिच्या पोरासाठी रडावं.

मग मी रडलो. दुसऱ्या अंकात रडायचो तसा रडलो. आधी खांदे, मग श्वास तोडून, मग आवाज, चढवत चढवत, हरसिंग म्हणून हाक मारून, शेवटच्या झोपडीपर्यंत पोचेल असा. बाया पदरानं डोळे टिपायला लागल्या. याडी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला बरं वाटत होतं, तिच्या बोटांवरून ते कळत होतं. माझ्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं होतं, पण ते स्टेजवरही येत असे.

रडता रडता मी कान मागे लावून ठेवला होता. तांड्यावर कोंबडी ओरडत होती, पिवळ्या बैल गोठ्यात साखळी ओढत होता. कोणी खोकललं नाही. आता मी कितीही करीन, कोणी खोकलणार नाही.